याखिमोव्ह : एका खाणगावाची पाचशे वर्षे

ज्या गावाचे नाव जगाच्या बाजारपेठांत दररोज कोट्यवधी वेळा उच्चारले जाते, परंतु ते आपण एका गावाचे नाव उच्चारीत आहोत याची उच्चारणाऱ्याला कल्पनाही नसते, अशा एका गावाची हकीकत आज सांगावयाची आहे. गाव लहान आहे. त्याची वस्ती आज तीन हजारांहूनही कमी भरते. चेक देशाच्या वायव्य सीमेवर, जर्मनीला लागून जी डोंगरांची रांग आहे तिच्या एका अरुंद घळीत हे गाव वसले आहे. चेक भाषेत त्याला याखिमोव्ह म्हणतात. जर्मन भाषेत त्याचे नाव सांक्ट योआखिम्स्टाल, म्हणजे संत योआखिमची दरी. यांतला ‘टाल’ म्हणजे दरी. या दरीत पाडलेल्या चांदीच्या नाण्याला लोक ‘योआखिम्स्टालर’ म्हणू लागले. इतके लांबलचक नाव व्यापाऱ्याच्या जिभेवर टिकणे शक्य नव्हते. पुढला भाग गळाला आणि ‘टालर’ तेवढा उरला. डच लोकांनी त्याचा ‘दाल्डर’ केला, आणि समुद्रापलीकडे जाता जाता त्याचा ‘डॉलर’ झाला.

एवढे सांगून ही कथा संपविता आली असती, तर ती एका शब्दाची गमतीदार व्युत्पत्ती ठरली असती. परंतु याखिमोव्हच्या भूमीने जगाला तीन वेळा तीन निरनिराळी दाने दिली. प्रथम चांदी दिली, नंतर रेडियम दिले आणि शेवटी युरेनियम दिले. या प्रत्येक दानाची किंमत कोणी चुकविली, हा प्रश्न मनात धरून आपण या गावाचा इतिहास पाहणार आहोत.

या डोंगररांगेला जर्मन लोक एर्त्सगेबिर्ग, म्हणजे खनिजपर्वत म्हणतात. क्लीनोवेत्स हे तिचे सर्वांत उंच शिखर 1244 मीटर उंचीचे असून ते याखिमोव्हच्या माथ्यावरच उभे आहे. येथला हिवाळा दीर्घ आणि कडक असतो. जमीन उताराची असल्यामुळे शेतीचे उत्पन्न बेताचेच. मध्ययुगात या घळीत कॉन्राड्सग्रून नावाचे एक खेडे होते. परंतु रान तोडून पोट भरण्याचा तो प्रयत्न फसला असावा, कारण पंधरावे शतक संपून सोळावे लागले तेव्हा ते खेडे ओसाड पडलेले होते. सीमेपलीकडच्या सॅक्सनीत मात्र चांदीच्या खाणी जोरात चालू होत्या. तेथल्या माहितगारांची नजर डोंगराच्या या बाजूकडेही वळली. 1512 च्या सुमारास येथे खणण्यास आरंभ झाला आणि चांदीच्या समृद्ध शिरा हाती लागल्या.

ही जमीन श्लिक घराण्यातील काउंट स्टेफान याच्या ताब्यात होती. त्याने आणि त्याच्या भावांनी 1516 मध्ये येथे रीतसर नगर वसविले. नाव ठेवण्यातही त्या काळची एक रीत दिसते. पलीकडे सॅक्सनीत आनाबेर्ग, म्हणजे संत ॲनचा डोंगर, या नावाचे खाणगाव आधीच भरभराटीस आले होते. ख्रिस्ती परंपरेत संत ॲन ही कुमारी मेरीची आई, आणि योआखिम हा तिचा पती. एका डोंगराला पत्नीचे नाव मिळाले, तेव्हा शेजारच्या दरीला पतीचे देण्यात आले. देवाचे घराणे पाठीशी उभे राहिले म्हणजे पाताळातले धन वर येईल, ही त्यामागील श्रद्धा.

श्रद्धा फळाला आली असेच म्हटले पाहिजे. चांदीची वार्ता सर्वत्र पसरताच सॅक्सनीतून, बव्हेरियातून, दूरदूरच्या जर्मन प्रांतांतून लोकांची रीघ लागली. खणणारे आले, त्यांच्यामागून सुतार, लोहार, भट्टीवाले आणि तराजूवाले आले. 1520 मध्ये बोहेमियाचा राजा लुई याने गावाला मुक्त खाणनगराचा दर्जा दिला. 1534 च्या सुमारास येथील वस्ती अठरा हजारांच्या घरात गेली होती असे सांगतात. म्हणजे सारे अठरा वर्षांचे वय असलेले हे गाव प्राग राजधानीच्या खालोखाल बोहेमियातले दुसरे मोठे नगर होऊन बसले होते!

चांदी नुसती विकण्यापेक्षा तिचे नाणे पाडून विकले तर अधिक लाभ, हे श्लिक बंधूंनी ओळखले. 1520 मध्ये बोहेमियाच्या प्रतिनिधिसभेने त्यांना नाणी पाडण्याचा अधिकार मान्य केला. एका बाजूला संत योआखिम, दुसऱ्या बाजूला बोहेमियाचा दुहेरी शेपटीचा सिंह, आणि वजन सुमारे 29 ग्रॅम, असे हे भरघोस नाणे होते. एवढे मोठे रुप्याचे नाणे काही प्रथमच पाडले गेले असे नाही. टिरोल प्रांतात 1486 मध्ये तसा प्रयत्न झालेला होता. परंतु लक्षावधी नाणी सतत पाडावयाची तर तेवढी चांदी हाताशी असावी लागते, आणि ती याखिमोव्हच्या पोटात होती. यामुळे नाव राहिले ते या दरीचे. पुढे जर्मन राज्यांतील मोठ्या रौप्य नाण्याला सरसकट टालरच म्हणू लागले. स्पेनच्या आठ रियालांच्या नाण्याला इंग्रज लोकांनी तेच नाव दिले. अमेरिकेच्या वसाहती स्वतंत्र झाल्या तेव्हा, 1785 मध्ये, त्यांनी आपल्या चलनासाठी तेच नाव पत्करले.

या वंशावळीतील एका नाण्याचा आपल्या मुंबईशीही संबंध आला. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिच्या मुद्रेचा टालर अरबस्तानात आणि इथिओपियात इतका विश्वासाचा मानला जाई की, ती 1780 मध्ये मरण पावल्यावरही तेच साल घालून तो पाडला जात राहिला. दुसऱ्या महायुद्धात इथिओपियाच्या मोहिमेसाठी ब्रिटिशांना या नाण्याची निकड भासली, तेव्हा 1940 आणि 1941 मध्ये ते मुंबईच्या टाकसाळीत पाडण्यात आले. बोहेमियाच्या दरीतून निघालेली ही परंपरा अशी चार शतकांनंतर अरबी समुद्राच्या काठी येऊन पोहोचली.

परंतु ज्यांनी ही चांदी खणून काढली त्यांच्याकडे आता वळावयास हवे. श्लिक घराण्याचे वैभव अल्पजीवी ठरले. स्टेफान श्लिक 1526 मध्ये तुर्कांविरुद्ध मोहाचच्या रणांगणावर कामी आला. 1528 मध्ये नवा राजा फर्डिनांड याने टाकसाळ स्वतःच्या हाती घेतली. त्याआधीच, 1525 मध्ये, खाणकामगारांनी उठाव केला होता. चांदी त्यांच्या हातांतून जात होती, परंतु हातांत राहत नव्हती. हे गाऱ्हाणे चारशे वर्षांनंतरही या गावात ऐकू येणार होते.

याच धामधुमीच्या काळात, 1527 मध्ये, एक तरुण वैद्य गावात नोकरीस आला. त्याचे नाव गेओर्ग आग्रिकोला. रोग्यांना तपासून उरलेला वेळ तो खाणींत आणि भट्ट्यांपाशी घालवी. कामगारांना प्रश्न विचारावे, पाषाण हातांत घेऊन निरखावे, यंत्रांची रचना समजून घ्यावी, हा त्याचा नित्यक्रम. तीन-चार वर्षांत त्याने जे पाहिले त्यातून 1530 मध्ये त्याचा पहिला खनिजविषयक ग्रंथ निघाला. पुढे आयुष्यभर या विषयाचा व्यासंग करून त्याने धातुविद्येवरील आपला महाग्रंथ सिद्ध केला. तो प्रसिद्ध झाला 1556 मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर एक वर्षाने. त्यातील चित्रे रेखाटणारा चित्रकार याखिमोव्हचाच होता. पाणी उपसणारी चक्रे, हवा आत ढकलणारे भाते, टोपल्या वाहणारी माणसे, हे सारे त्या चित्रांत इतक्या बारकाईने दाखविले आहे की, पुढली दोनशे वर्षे खाणविद्येचा विद्यार्थी याच ग्रंथावर शिकला. 1912 मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर झाले. ते करणाऱ्या दांपत्यातील पती, हर्बर्ट हूव्हर, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला. ज्या देशाच्या चलनाला या दरीचे नाव मिळाले, त्याच देशाच्या भावी अध्यक्षाने या दरीत सुरू झालेल्या विद्येचे भाषांतर करावे, हा एक विलक्षण योगायोगच म्हणावयाचा.

आग्रिकोलाने खाणींतील आजारांचीही नोंद करून ठेवली आहे. कार्पेथियन पर्वतांतील खाणगावांत अशा स्त्रिया आहेत की, ज्यांना एकामागून एक सात पती करावे लागले, असे त्याने लिहिले. खाणीतली धूळ छातीत जाऊन पुरुष अकाली मरत. एर्त्सगेबिर्गच्या खाणींतही तोच प्रकार होता. कामगार त्याला ‘डोंगरी रोग’ म्हणत. काहींना त्यात डोंगरातल्या भुताखेतांचा हात दिसे. खरे कारण कळण्यास आणखी चारशे वर्षे जावयाची होती.

त्या पिढीतील दुसरा नामांकित पुरुष म्हणजे योहानेस माथेसियुस. तो 1532 मध्ये येथील लॅटिन शाळेचा प्रमुख झाला आणि पुढे गावचा धर्मोपदेशक. मार्टिन ल्यूथरच्या पंक्तीला बसून त्याचे बोलणे ऐकलेला हा मनुष्य. आपल्या श्रोत्यांत खाणकामगारांचाच भरणा आहे हे जाणून त्याने त्यांच्याच भाषेत प्रवचने केली. धातूची शीर, भट्टीतला मळ, शुद्ध होणारे रुपे, हेच त्याचे दृष्टांत. ही प्रवचने 1562 मध्ये पुस्तकरूपाने निघाली. आपल्या संतांनी माग आणि चाक, मळा आणि रांजण यांतून परमार्थ सांगितला. दूरच्या त्या दरीत एका उपदेशकाने तो कुदळ आणि दिवटी यांतून सांगितला.

तथापि चांदी कायमची पुरणारी नव्हती. वरच्या शिरा संपल्या, खोल जावे तो पाणी लागे, आणि उपसण्याचा खर्च वाढत जाई. त्यातच 1545 मध्ये दक्षिण अमेरिकेत पोटोसीचा रौप्यपर्वत सापडला आणि तेथली स्वस्त चांदी युरोपात येऊन पडू लागली. पुढे 1620 मध्ये प्रागजवळील लढाईत बोहेमियातील प्रॉटेस्टंट पक्षाचा मोड झाला. कॅथलिक राजसत्तेने धर्मांतराची सक्ती आरंभिली, तेव्हा पुष्कळ कुशल कुटुंबे डोंगर ओलांडून सॅक्सनीत गेली. गाव ओसरले. लोकांनी विणकाम आणि लेस काढण्याचे काम पत्करले. 1716 मध्ये येथे खाणविद्येची शाळा निघाली, परंतु शिकविणाऱ्यांची विद्या वाढत होती आणि खणणाऱ्यांच्या हाती लागणारी चांदी घटत होती. 1873 च्या 31 मार्चला लागलेल्या मोठ्या आगीने गावाचा बराचसा भाग भस्मसात केला. मंदिरही जळाले. आता या गावाचे नाव फक्त नाण्यांच्या इतिहासात उरणार असे त्या वेळी कोणाही शहाण्या माणसाने म्हटले असते.

परंतु भूमीच्या पोटात दुसरे काही दडलेले होते. चांदीची शीर संपत आली की अनेकदा एक जड, काळाकुट्ट, डांबरासारखा चकाकणारा पाषाण लागे. कामगार त्याला ‘पेखब्लेंड’ म्हणत. जर्मन भाषेत ‘पेख’ म्हणजे डांबर, आणि ‘पेख’ म्हणजे फुटके नशीबही! चांदीऐवजी हा काळा धोंडा दिसला की कामगार त्याला बोल लावून बाजूला फेकून देत. या जातीच्या पाषाणातून क्लाप्रोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1789 मध्ये एक नवा पदार्थ वेगळा केला आणि त्याला युरेनियम हे नाव दिले. एकोणिसाव्या शतकात त्याचा उपयोग सापडला तो काचेला आणि चिनी मातीच्या भांड्यांना रंग देण्यासाठी. बोहेमियाच्या काचकामात त्या पिवळ्या-हिरव्या रंगाची मोठी वाहवा झाली, आणि त्यासाठी याखिमोव्हला सरकारी कारखाना निघाला. युरेनियम काढून घेतल्यावर राहिलेला चोथा जवळच्या देवदारांच्या रानात टाकून देत असत.

हा चोथाच जगाच्या इतिहासात अजरामर झाला. पॅरिसमध्ये मेरी क्युरी या पोलिश विदुषीला असे आढळले की, पेखब्लेंडमधून निघणारे किरण त्यातील युरेनियमच्या मानाने फारच प्रखर आहेत. त्या अर्थी त्यात आणखी काहीतरी अज्ञात असले पाहिजे. तिने आणि तिचे पती पिएर क्युरी यांनी 1898 च्या जुलैत पोलोनियम आणि डिसेंबरात रेडियम या मूलद्रव्यांचा शोध जाहीर केला. परंतु ते सिद्ध करावयास टनावारी पाषाण हवा होता, आणि तो विकत घेण्याची या दांपत्याची ऐपत नव्हती. तेव्हा व्हिएन्नातील विज्ञान अकादमीच्या मध्यस्थीने ऑस्ट्रियन सरकारने याखिमोव्हचा तो टाकाऊ चोथा त्यांना मिळवून दिला. पोती उघडली तेव्हा त्या तपकिरी मातीत देवदाराच्या सुयांसारख्या पानांचा कचरा मिसळलेला होता. गळक्या छपराच्या एका पडवीत, कढया ढवळीत, त्या माउलीने जवळजवळ चार वर्षे ते काम केले. 1902 मध्ये तिच्या हाती रेडियमच्या शुद्ध क्षाराचा सुमारे एक दशांश ग्रॅम लागला. रात्री अंधारात तो मंद उजळत असे.

ज्या दगडाला लोकांनी फुटक्या नशिबाचे नाव दिले होते, तोच आता सोन्याहून कित्येक पटींनी मोलाचा ठरला. काही काळ तर जगाला रेडियम पुरविणारे दुसरे ठिकाणच नव्हते. खाणीत 1864 मध्ये अचानक फुटून कामास अडथळा झालेला उष्ण पाण्याचा झराही किरणोत्सर्गी निघाला. 1906 मध्ये त्या पाण्याची स्नाने सुरू झाली आणि 1912 मध्ये ‘रेडियम पॅलेस’ हे भव्य विश्रामगृह उभे राहिले. संधिवाताचे धनाढ्य रोगी युरोपभरातून येऊ लागले. 1925 मध्ये स्वतः मेरी क्युरी याखिमोव्हला आली.

मात्र त्याच वेळी डोंगरातला तो जुना रोग आपला वाटा घेतच होता. सॅक्सनीच्या बाजूला श्नेबेर्ग येथील दोन वैद्यांनी 1879 मध्ये दाखवून दिले की, तो फुफ्फुसाचा कर्करोग आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत याखिमोव्हच्या कामगारांचीही तपासणी झाली आणि येथेही तेच निदान निघाले. खाणीतल्या हवेत मिसळलेला रेडॉन नावाचा अदृश्य वायू श्वासावाटे आत जातो, आणि त्यापासून झालेले कण फुफ्फुसात बसून आपले काम करतात, हे हळूहळू उमगले. वर रेडियम पॅलेसमध्ये रोगी बरे व्हावयास येत होते आणि खाली खाणीत धडधाकट माणसे रोगी होत होती. एकाच झऱ्याच्या या दोन गती होत्या.

यानंतरची हकीकत अधिक अंधारी आहे. 1938 च्या म्युनिक करारान्वये हा सारा सीमाप्रदेश हिटलरच्या जर्मनीने गिळला. पुढल्याच वर्षी 2 ऑगस्टला आल्बर्ट आइन्स्टाइनने अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना अणुबॉम्बच्या शक्यतेविषयी जे सुप्रसिद्ध पत्र पाठविले, त्यात एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष वेधले होते. ती अशी की, ताब्यात घेतलेल्या चेकोस्लोव्हाक खाणींतील युरेनियमची विक्री जर्मनीने थांबविली आहे. त्या खाणी म्हणजे याच खाणी. महायुद्ध संपले, जर्मनी हरली, आणि चार शतके येथे नांदलेल्या जर्मनभाषी लोकांना 1945 आणि 1946 मध्ये देशाबाहेर काढण्यात आले. ज्यांच्या पूर्वजांनी गाव वसविले, त्यांच्या घरांत आता परकी माणसे राहावयास आली. 1945 च्या 23 नोव्हेंबरला सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि येथील युरेनियम पूर्वेकडे जाऊ लागले.

युरेनियम भराभर हवे होते; स्वखुशीने येणारे कामगार पुरेसे नव्हते. प्रथम जर्मन युद्धकैदी कामास लावले. 1948 मध्ये कम्युनिस्ट पक्षाने सत्ता घेतल्यावर त्यांची जागा राजकीय कैद्यांनी घेतली. खाणींभोवती काटेरी कुंपणांच्या छावण्या उभ्या राहिल्या. धर्मगुरू, शेतकरी, अध्यापक, लष्करी अधिकारी, महायुद्धात नाझींविरुद्ध लढलेले वीर, असे सर्व थरांतील लोक त्यांत होते. जगज्जेत्या हॉकी संघातील खेळाडूही होते. 1950 च्या मार्चमध्ये जागतिक स्पर्धेला निघण्याच्या ऐन वेळी त्या संघाला अटक झाली. त्या संघाशी निगडित असा नामांकित गोलरक्षक बोहुमिल मोद्री याला पंधरा वर्षांची शिक्षा होऊन तो या युरेनियमच्या खाणींवर आला. 1955 मध्ये तो सुटला, आणि 1963 मध्ये, वयाच्या अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी वारला.

श्रोतेहो, या खाणींची नावे ऐकण्यासारखी आहेत. एकीचे नाव स्वोर्नोस्त, म्हणजे एकोपा. दुसरीचे रोव्नोस्त, म्हणजे समता. तिसरीचे ब्रात्र्स्त्वी, म्हणजे बंधुता. छावण्यांनाही तीच नावे पडली. समतेच्या छावणीत माणसे क्रमांकांनी ओळखली जात होती, आणि बंधुतेच्या दारावर पहारा होता. खाली दरीच्या तोंडाशी, ऑस्ट्रोव्ह गावाजवळ, तांबड्या विटांचा एक सात मजली मनोरा आजही उभा आहे. तेथे कैदी धातुपाषाण दळून पिंपांत भरीत. धुळीपासून बचाव करावयास त्यांच्यापाशी काहीच नसे. लोकांनी त्याचे नाव ठेवले मृत्यूचा मनोरा. 1961 पर्यंत छावण्या मोडल्या, 1964 मध्ये येथला युरेनियमचा उपसा थांबला, आणि तिसरे दानही संपले.

आज याखिमोव्हची एकच खाण चालू आहे, ती स्वोर्नोस्त. चांदीच्या पहिल्या बहरात खणलेली ही खाण आता धातूसाठी चालत नाही. सुमारे पाचशे मीटर खोलीवरून झऱ्याचे पाणी वर आणण्यासाठी चालते. त्या झऱ्यांपैकी एकाला क्युरीचे नाव आहे आणि एकाला आग्रिकोलाचे. सांधेदुखीचे रोगी वैद्याच्या देखरेखीखाली, मोजून वीस मिनिटे, त्या पाण्यात बसतात. जुन्या टाकसाळीत संग्रहालय आहे. 2019 मध्ये युनेस्कोने सीमेच्या दोन्ही बाजूंच्या या खाणप्रदेशाला जागतिक वारशाचा मान दिला. त्या यादीत चांदीच्या काळातील सुंदर घरांबरोबर तो तांबडा मनोराही समाविष्ट आहे. हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. वारसा म्हणून आपण बहुधा देवळे आणि राजवाडे पुढे करतो. लज्जेची जागा झाकून ठेवतो. या लोकांनी ती झाकली नाही.

आरंभी विचारलेल्या प्रश्नाकडे शेवटी वळतो. टालरावर संत योआखिमची मूर्ती होती, राजाचे नाव होते, सिंह होता. ज्याने ती चांदी खणली त्याची खूण त्यावर कोठेच नव्हती. रेडियमच्या शोधाबद्दल क्युरी दांपत्याचे नाव आपण आदराने घेतो आणि ते योग्यच आहे. परंतु तो काळा पाषाण वर आणताना छाती पोखरून घेतलेल्या माणसांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. छावण्यांतील कैद्यांना तर नावच नव्हते, नुसता आकडा होता. सिंहासने बदलली, धर्म बदलले, राज्यकर्त्यांची भाषा बदलली, भूमीतून निघणारे द्रव्यही बदलले. खाली उतरणाऱ्या माणसाचा हिशेब मात्र दर वेळी अपुराच राहिला.

त्या डोंगरांतील जर्मन खाणकामगार एकमेकांना भेटताना ‘ग्लुक आउफ’ म्हणत. शीर उघडो आणि तू सुखरूप वर येवो, असा त्या दोन शब्दांचा भाव आहे. डॉलर हा शब्द पुन्हा कधी कानी पडला, तर त्या अरुंद दरीतली ही दुसरी हाकही आपल्याला आठवावी, एवढेच मागणे आहे.